दुबार नोंद

या, जरा पुढे सरकून बसा. खांबाला टेकून ऐकायची ही गोष्ट नाही, आणि मला ती मोठ्यानं सांगताही यायची नाही. आमचे बुवा कीर्तनात आधी भीती घालायचे आणि मग देव दाखवायचे. मला भीतीच तेवढी नीट सांगता येते. देव कुठे दिसला, तर तो ज्याचा त्यानं पाहून घ्यावा.

रामनवमी होती. सकाळचे साडेअकरा झालेले. तालुक्याच्या गावातलं आमचं राममंदिर गजऱ्यांच्या वासानं आणि घामानं भरलेलं. पाळणा सजलेला, सुंठवड्याची ताटं झाकून ठेवलेली, जन्माला अर्धा तास अवकाश. आठल्येबुवांचं कीर्तन रंगात आलेलं. मी दुसऱ्या रांगेत. माझे वडील बुवांच्या मागे पेटीला बसायचे, त्यामुळे त्यांचं रामजन्माचं कीर्तन मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. त्या वर्षी संस्थेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आले होते.

बुवांनी झांज थांबवली, उपरणं सारखं केलं आणि बायकांकडे वळून विचारलं, "राजाच्या घरी बाळं झाली किती?"

"चार!"

"आणि नावं? नावं कुठून असणार? बारसं व्हायचंय अजून! या पाळण्यातलंही बाळ, त्या पाळण्यातलंही बाळ. एक दासी ओरडते, अगं, बाळ रडलं! दुसरी म्हणते, कुठलं बाळ? पहिली म्हणते, अगं बाळ गं, बाळ!" बुवांनी दोन्ही दासींचे आवाज काढले. मंदिर हसायला लागलं. "त्यातून दोघं तर एकाच आईची. म्हणजे झालीच की पंचाईत! एकाला दोनदा दूध, आणि दुसरं उपाशी!"

माझ्या शेजारच्या यमूकाकू हसून हसून डोळे पुसत होत्या. मीही हसत होते. आणि हसता हसताच माझे हात गार पडले.

का, ते सांगते. मी तेव्हा एका आरोग्य संस्थेत संगणकाचं काम करायची. डोंगरावरच्या वाड्यावस्त्यांत घरीच बाळंतपण झालं, तर तिथली आशाताई मोबाईलवरच्या आमच्या ॲपमध्ये फॉर्म भरायची. आईचं नाव, गाव, बाळाचं नाव, वजन, दूध ओढतं का, अंग गरम की गार. 'पाठवा' दाबलं की तो फॉर्म मी लिहिलेल्या प्रोग्रॅमकडे यायचा. माझा प्रोग्रॅम तो जिल्ह्याच्या हॉस्पिटलच्या वेब सेवेकडे पोचवायचा आणि तिकडून आलेलं उत्तर ताईच्या मोबाईलवर परत द्यायचा. हिरवं उत्तर म्हणजे बाळ ठीक, तिसऱ्या दिवशी घरी भेट द्या. पिवळं म्हणजे आजच्या आज पुन्हा तपासा. लाल म्हणजे ताबडतोब घेऊन या, गाडी निघाली. मी मधली निरोपी. दोन्हीकडची भाषा एकीकडून दुसरीकडे नेणारी.

आता डोंगरात रेंज कुठली? ताया बिचाऱ्या एखाद्या उंच दगडावर चढून हात वर करून 'पाठवा' दाबायच्या. काही झालं नाही की पुन्हा दाबायच्या, मोबाईल बंद पडला की सगळा फॉर्म पुन्हा भरायच्या. हॉस्पिटलला एकच बाळ पाच वेळा पोचायचं. दोनदा तर एका बाळासाठी दोन गाड्या गेल्या. तिथल्या डॉक्टर देवस्थळी मला फोनवर म्हणाल्या, "वैजयंता, तुझी बाळं आवर गं!"

मी आवरली. दिवाळीनंतर एक नियम घातला. आईचं नाव, गाव, तारीख आणि बाळाचं नाव जुळलं, की तो फॉर्म दुबार समजायचा. तो हॉस्पिटलकडे पाठवायचाच नाही, नुसता दुबार यादीत ठेवायचा, आणि ताईला पहिल्या फॉर्मचंच उत्तर पुन्हा दाखवायचं. वजन मी मुद्दामच बघितलं नव्हतं. पुन्हा भरताना वीसपंचवीस ग्रॅमचा फरक पडतोच. तक्रारी एका दिवसात बंद झाल्या. आमच्या सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, पेढे मागवले.

आणि बाळाचं नाव? बाराव्या दिवसाआधी नाव कोण ठेवतं? त्या रकान्यात सगळ्या ताया एकच शब्द लिहायच्या. बाळ.

मी मांडीवरच मोबाईल उघडला.

"अगं, ठेव तो!" यमूकाकूंनी मला कोपर मारलं. "जन्म व्हायचाय आत्ता."

"काकू, एकच मिनिट."

दुबार यादी उघडली. सगळ्यात वरती त्याच दिवसाची ओळ होती. आई वनिता, वरचा धनगरवाडा. पहिला फॉर्म सकाळी सहा चाळीसचा: बाळ, मुलगी, दोन किलो तीनशे. उत्तर हिरवं. दुसरा सात पंचवीसचा: बाळ, मुलगी, एक किलो चारशे. दूध ओढत नाही. अंग गार.

त्या ओळीपुढे माझ्याच प्रोग्रॅमनं लिहिलं होतं: दुबार, उत्तर हिरवं.

पंचवीस ग्रॅमनं नाही, नऊशे ग्रॅमनं वेगळं बाळ होतं ते. चार तासांपूर्वी डोंगरावर गार पडायला लागलेलं, आणि आशाताईच्या हातातल्या मोबाईलवर मी लिहून पाठवलेलं की ठीक आहे, तिसऱ्या दिवशी बघा.

मी ताडकन उठले. कीर्तनात जन्माच्या तोंडावर कुणी उठत नाही. बायकांचे पाय तुडवत मी निघाले, तशी मागून कुजबुज सुरू झाली. बुवांची नजर कुणाला सोडायची नाही. ते तिथूनच म्हणाले, "काय वैजूबाई? खुद्द वैकुंठातून फोन आला वाटतं?"

लोक हसले. मला वाटलं, पळून जावं. पण माझ्याकडे गाडी नव्हती, आणि जीप होती ती बुवांच्या तबलजीची, शिवा गुरवाची. तो तबल्यावर हात ठेवून माझ्याकडेच बघत होता.

"बुवा," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना, "एक बाळ आहे. वरच्या धनगरवाड्यावर. माझ्यामुळे..."

बुवांनी एक क्षण माझ्या तोंडाकडे बघितलं. मग तबल्याकडे वळून म्हणाले, "शिवा, जीप काढ."

"बुवा, जन्म व्हायचाय. ठेका?"

"ठेका टाळ्यांवर होईल. तू ऊठ."

जीपमध्ये बसता बसता मी आशाताईला फोन लावला. भागीताई बावदाने, वाड्यावरचीच बाई, पन्नाशीला आलेली. फोन लागेना. लागणार तरी कसा, ती घरी असली की रेंज नसायची. मग डॉक्टर देवस्थळींना लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"सकाळी सात पंचवीसला गार होतं म्हणतेस?"

"हो."

"चौदाशे ग्रॅम. आणि दूध ओढत नाही."

"हो."

"मी घाटाच्या पायथ्याला गाडी पाठवते. तू बाळाला खाली आण. आणि वैजयंता, एवढ्या वेळानंतर... मनाची तयारी ठेव."

शिवा जीप अशी हाणत होता की वळणावर माझं डोकं दारावर आपटायचं. मागे गावात रामजन्माच्या तोफा उडाल्या, गुलाल उधळला असेल. मी हात जोडले. रामनवमीच्या दिवशी, भर बाराच्या ठोक्याला, माझ्या तोंडात नाव येईना. जे येत होतं ते एवढंच: एक चारशे, एक चारशे, एक चारशे.

"ताई," शिवा म्हणाला, "ती आशाबाई हुशार हाय का?"

"हुशार आहे."

"मंग कशापायी घाबरता? तिला दिसत नसंल का बाळ गार हाय ते?"

"शिवा, तिला हॉस्पिटलनं सांगितलंय की ठीक आहे. म्हणजे मी सांगितलंय, हॉस्पिटलच्या नावानं."

त्यानं गिअर बदलला.

घाट चढून आम्ही अर्ध्यावर आलो असू. डांबर संपून लाल मातीचा रस्ता सुरू झाला होता. इथून वाड्यावर चालत पाऊण तास. ऊन असं की डोंगर पांढरा दिसत होता. करवंदीच्या जाळीपलीकडून पायवाटेनं एक बाई खाली येताना दिसली. डोक्यावर काही नाही, पायात काही नाही, लुगड्याचा पदर छातीवर घट्ट आवळून मागे गाठ मारलेली. एक हात छातीवर, दुसऱ्या हातात काठी.

"भागीताई!" मी चालत्या जीपमधून उडी टाकली, पडले, उठले.

ती थांबली. तिला वाटलं असेल, ही तालुक्याची बाई इथं कशी?

"ताई, बाळ?"

"हाय."

"जिवंत?"

तिनं पदर जरा सैल केला आणि माझा हात ओढून आत घातला. तिच्या घामेजल्या छातीला चिकटून एक एवढंसं ओलसर अंग होतं. गार नव्हतं. पोट वरखाली होत होतं. चिमणीचं होतं तसं, भराभर.

"आईचं दूध पिळून कापसानं दिलंय थेंब थेंब," भागीताई म्हणाली. "वनितेला उठवंना, रगात लई गेलंय. थोरली पोर तिच्याजवळ ठिवली, सासूला बसवली. म्हनलं, ही गारठून जायची. मंग बांधली अंगाला आन् निगाले. उगं वाट बगत बसू नका, चला."

जीपमध्ये ती मागे बसली आणि मी तिच्या समोर. शिवा आता अलगद चालवत होता, एकेक खड्डा चुकवत. मी तिच्याकडे बघत होते. माझ्या जिवात जीव आला होता, आणि तो आला तसा मला एक प्रश्न पडला.

"ताई, मोबाईलवर हिरवं आलं होतं ना?"

"आलं की."

"तरी तुम्ही निघालात?"

भागीताईनं बाळाच्या टाळूवर पदर सारखा केला. रस्त्याकडे बघत म्हणाली, "मागल्या टायमाला ऐकलं त्या हिरव्याचं."

"मागल्या टायमाला म्हणजे?"

"पुसात. आमच्याच वाड्यावरची कोंडाबाई. जुळंच व्हतं तिलाबी. पयलं धडधाकट. दुसरं ह्येच्यापरीस बारीक, काटकुळं, गार. मी रडत रडत दगडावर चढून फारम धाडला. हिरवं आलं. म्हनलं, आपल्याला काय कळतंय? तिकडं मोठमोठं डाक्टर बसल्यात, यंतरं हायेत. आपन बगतो निसतं डोळ्यानं. तवा घरीच ठिवलं." ती थांबली. "दुसऱ्या दिसी दुपारी गेलं. माज्याच मांडीवर."

जीप चालत होती.

"कुनाला बोलले न्हाय मी," ती म्हणाली. "वाटलं, माज्याच हातनं वजन चुकीचं भरलं आसंल. त्येंचं चुकंल का? त्ये डाक्टर. माजंच चुकलं आसंल. तीन म्हैनं झालं, कोंडीच्या दारावरनं जात न्हाय मी. मागच्या वाटंनं जाती."

मला बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं: ताई, तुमचं नाही, माझं चुकलं. ते वाक्य तसंच ठेवून मी घाट उतरले. मला वाटत होतं, ते बाहेर आलं की ही बाई बाळ छातीशी धरूनच जीपमधून उतरून जाईल. चौदाशे ग्रॅमचं बाळ वाचवायला निघालेली मी, आणि त्या बाळापेक्षा मला स्वतःची भीती जास्त वाटत होती. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

पायथ्याशी हॉस्पिटलची गाडी उभी होती. नर्सनं बाळ घेतलं, ऊब लावली, नळी घातली. शिवा स्ट्रेचर आणि एक माणूस घेऊन वनिताला आणायला पुन्हा वर निघाला, आणि आम्ही बाळाबरोबर त्याच गाडीतून गेलो. अडीच वाजता डॉक्टर देवस्थळी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "श्वास बरा आहे. रात्र काढली तर जगेल. ही कुणाची आयडिया, अंगाशी बांधून आणायची?"

भागीताई भिंतीला टेकून खाली बसली होती, पाय पसरून. तळव्यांना काटे बोचून रक्त आलेलं. तिनं नुसता हात वर केला, शाळेतल्या पोरीसारखा.

"बाई, चार तास आधी गाडी गेली असती तरी ह्याहून जास्त काही करता आलं नसतं," डॉक्टर म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी बाकावर बसून दुबार यादी पुन्हा उघडली. सकाळी वरची एक ओळ बघून मी पळाले होते, खाली गेलेच नव्हते. आता बोट वर सरकवत खाली खाली गेले. मधल्या ओळी खऱ्याच दुबार होत्या, पाच दहा ग्रॅमचा फरक. पौषापर्यंत गेले. तिथं ती ओळ होती.

तेवढ्यात सरांचा फोन आला. डॉक्टरांनी त्यांना कळवलं होतं. सर वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते, माझ्यासारखेच. "वैजयंता, बाळ वाचलं ना? मग झालं तर. तो नियम काढून टाक आणि ती जुनी यादीही साफ करून टाक. उगाच कुणी बघेल, चौकश्या लागतील. संस्था बंद पडली तर इतक्या बायकांचं काय?"

"बघते सर," मी म्हणाले. नियम तिथंच बसून काढला. यादीवर बोट ठेवलं, आणि पुन्हा उचललं.

मी भागीताईशेजारी जमिनीवर जाऊन बसले. तिला ती ओळ दाखवली. तिला अक्षर वाचता यायचं, हळूहळू, बोट फिरवत. मग मी सगळं सांगितलं. हे हिरवं हॉस्पिटलचं नव्हतं, तुमचा फॉर्म हॉस्पिटलला पोचलाच नाही, मीच तो मधे अडवला, पहिल्या बाळाचं उत्तर दुसऱ्याला दिलं. वजन तुम्ही बरोबर भरलं होतं. तुमचं काही चुकलं नव्हतं.

ती रागावेल, रडेल, मला मारेल, काहीही चाललं असतं. तिनं त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"म्हंजी डाक्टरनं बगितलंच न्हाय त्येच्याकडं," ती म्हणाली.

"नाही."

"कोंडीला सांगाया पायजे."

"मी एकटी जाते."

"तुमाला वाट गावायची न्हाय," ती म्हणाली, आणि पाय गोळा करून उठायला लागली.

आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो. वनिताच्या मुलीनं ती रात्र काढली होती आणि पुढचीही, आणि वनिताही हॉस्पिटलात सावरत होती. वाड्यावर पोचल्यावर भागीताई कोंडाबाईच्या दाराशी थांबली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. आतून आवाज आला, "कोन? भागीमावशी? वाट इसरलीस का काय?"

कोंडाबाई पंचविशीतली असेल. मांडीवर तीन महिन्यांचा गुटगुटीत मुलगा. तिनं मला बसायला घोंगडं अंथरलं. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं, सकाळपासून घोकलेलं सगळं. तिचा नवरा दाराबाहेर मेंढराच्या पिल्लाला धरून उभा होता. त्यानं पिल्लू खाली सोडलं. मला वाटलं, आता हा पुढे येणार. तो आला नाही. तिथंच उकिडवा बसला आणि त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले.

कोंडाबाईनं मांडीवरच्या मुलाला थोपटत सगळं ऐकलं. मग विचारलं, "म्हंजी त्येचा फारम हाय तुमच्याकडं?"

"आहे."

"दावा."

मी मोबाईल तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं. "वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. गाव, वाडा, आईचं नाव. बाळ. मुलगा. वेळ सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. वजन एक किलो तीनशे ग्रॅम.

"परत वाचा."

परत वाचलं.

"ह्ये लिवलेलं ऱ्हातंय व्हय आत?" तिनं काचेवर बोट ठेवलं. "गावात ग्रामशेवक आला तर म्हनला, एकच पोरगं लिवलंय, दुसरं कुटं हाय कागदावर? सासू म्हनती, इसर आता, एकच झाल्यालं समज. म्या म्हंते, न्हाय ओ, दोन व्हती. कुनी ऐकंना." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "तुमी लिवून घ्येतलं व्हतं तर."

"कोंडाबाई, मला क्षमा..."

"पुसू नका," ती म्हणाली. "काय बी करा, पर त्ये पुसू नका."

मी यादी साफ केली नाही. सरांना तसं सांगितलं, आणि हॉस्पिटलला, आणि चौकशीला बसलेल्या साहेबांनाही. जे व्हायचं ते झालं. माझी नोकरी गेली, संस्था राहिली. ग्रामपंचायतीत दुसऱ्या बाळाच्या जन्माची आणि मृत्यूची नोंद झाली, त्यासाठी भागीताई आणि मी दोन खेटे घातले. आता ॲपमध्ये पहिलंच विचारतात, कितवं बाळ? तो रकाना माझ्यानंतर आलेल्या मुलानं घातला.

एवढीच माझी गोष्ट. आता तुम्ही उठाल, घरी जाल, कुणी विचारेल कुठं होतात, तर सांगा कुठंही. फक्त एक मागते. ज्याच्यासाठी हात जोडायची सवय असेल त्याच्यापुढे आज संध्याकाळी उभे राहाल, तेव्हा वरच्या धनगरवाड्यावरच्या कोंडाबाईच्या धाकट्याची आठवण काढा. पौष महिना, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. एक किलो तीनशे ग्रॅम. मुलगा.